परत पळाली मेंढी!

“हात् तिच्या! परत पळाली मेंढी!”

हे मी माझ्याशीच बोलले होते. पण आमच्या वर्ध्याजवळच्या नालवाडीत दुपारी तीनला मागच्या अंगणात बोललेलं कोणाचं स्वतःपुरतं राहिलंय? तारेच्या कुंपणापलीकडे शेजारच्या काकू तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

“कोनाची मेंढी वं? माही मेथी हाय तिकडं.”

“खरी नाही हो काकू. मोबाईलमधली.”

काकू गुडघ्यावर हात देऊन उठल्या. सोल्यांची परात कुंपणाजवळच्या दगडावर ठेवली आणि मान पुढं काढली.

“मोबाईलमंधी मेंढ्या हाकून राहिली तू? अवं, शिकलेली बाई नं!”

आता सांगणं भागच होतं. आमचा पोट्टा जुलैत पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. रोज रात्री फोन. ‘जेवलास?’ ‘हो.’ ‘मेस बरी आहे?’ ‘हो.’ ‘अभ्यास?’ ‘चालू आहे.’ संपलं बोलणं. दिवाळीत घरी आला तर हाच मुलगा रात्री एकपर्यंत मोबाईलवर कोणाकोणाशी खिदळतोय. डोकावून पाहिलं तर एक किल्ला, बाहेर झाडं, आणि चार बाहुले कुऱ्हाडी घेऊन लाकूड तोडताहेत. तोडता तोडता गप्पा. म्हटलं, मलाही घे यात. तो म्हणे, “आई, तू?” आणि पाच मिनिटं हसला. मग दिलं खातं उघडून.

काकूंचा चेहरा बदलला. “थे रमीवानी तं नाई नं? आमच्या भाचीच्या नवऱ्यानं...”

“नाही हो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या ऑगस्टात संसदेनं कायदाच केला. बंदी आहे त्यांच्यावर. हा तसला खेळ नाही. याचं नाव रूनस्केप. आपण एक सोंग घ्यायचं, त्या गावात राहायचं, कामं शिकायची. फुकट खेळता येतो. महिन्याचे पैसे भरले तर मोठा मुलूख उघडतो, पण नव्या माणसाला फुकटातला भाग पुरून उरतो. यात शेवटी कोणी जिंकत नाही नि कोणी हरत नाही.”

“म्हंजे संसारावानी,” काकू म्हणाल्या आणि परत शेंगा सोलायला लागल्या. मान मात्र इकडंच.

मी सांगितलं, खेळ जुना आहे. 2001 च्या जानेवारीत निघाला. इंग्लंडात केंब्रिजला शिकणारा अँड्र्यू गॉवर नावाचा पोरगा नि त्याचे भाऊ, त्यांनी केला. पुढं कंपनीनं तो इतका नटवला की जुने खेळणारे कावले. शेवटी कंपनीनं 2007 सालचं जपून ठेवलेलं रूप काढलं आणि 2013 साली तेच परत सुरू केलं. 2018 पासून ते मोबाईलवर चालतं. आमचा पोट्टा जन्मला 2007 ला. म्हणजे खेळाचं हे रूप नि खेळाडू एकाच वयाचे.

“जुनं पातळच अंगाले बरं वाटते. बरं, तुनं काय केलं मंग? आधी काय करा लागते?”

आधी एका बेटावर शाळा. तिथं झाड तोडायचं, जाळ करायचा, जाळ्यानं कोळंबी धरायची नि भाजायची. माझी पहिली कोळंबी करपली. दुसऱ्या ठिकाणी कणीक मळून पाव. मग खाणीतून तांबं नि कथील काढून, वितळवून कट्यार. मग तिथं मिळालेल्या तलवारीनं एक उंदीर मारायचा.

“उंदीर तुनं मारला?” काकू थक्क. मागच्या पावसाळ्यात मी उंदराला भिऊन त्यांच्या ओट्यावर चढले होते, ते त्या विसरलेल्या नाहीत.

तिथून लंब्रिज नावाच्या गावात नेऊन सोडतात आणि पुढं कोणी काही सांगत नाही. नवा माणूस इथंच गोंधळतो. चहूकडं वाटा, सगळं इंग्रजीत, आणि बाकीचे लोक भारी चिलखतं घालून बाजूनं पळताहेत. मी दोन दिवस किल्ल्याच्या अंगणातच फिरले. पोट्टा म्हणाला, आई, आत स्वयंपाकघरात जा, आचाऱ्याशी बोल.

आचारी रडकुंडीला आलेला. मालकाचा वाढदिवस, केक करायचा, सामान नाही. एक अंडं, बादलीभर दूध नि भांडंभर पीठ आणून द्यायचं. म्हटलं, हे तर आपलंच काम! अंडं कोंबड्यांच्या खुराड्याजवळ पडलेलं मिळालं. गाय दोहली. शेतातून गहू खुडला आणि गिरणीवर गेले. गहू सगळ्यांत वरच्या मजल्यावर नेऊन टाकायचा, तिथली दांडी ओढायची, पीठ खाली तळमजल्यावर पडतं. पडलं. मी खाली आले, आणि पीठ घ्यायला भांडंच नाही!

काकू इतक्या हसल्या की पदर डोळ्याला लावला. “दळनाले गेली नं डब्बा घरी! माह्या सासूनं तुले गावाबाहेर काढलं असतं.”

भांडं आणायला परत किल्ल्यात. तो हेलपाटा मात्र कामी आला. त्या पायपिटीत मला पूल कुठं, बँक किल्ल्याच्या कितव्या मजल्यावर, सगळं कळलं.

“बरं मंग मेंढ्या कायले?”

गावाबाहेर एक शेतकरी आहे. त्याला वीस मेंढ्यांची लोकर कातरून, तिचं सूत काढून, वीस गोळे द्यायचे. मेंढीवर बोट ठेवलं की बाहुली कात्री चालवते. पण कधी कधी मेंढी निसटून पळते. मेंढा मिळाला तर तो कातरूच देत नाही. म्हणून हे काम मी दोन महिने टाळलं होतं. आज सतरा झाल्या होत्या नि अठरावी पळाली.

“सूत काढाचं म्हंजे? चरखा हाय का तिथं?”

“आहे नं. किल्ल्यात, माडीवर.”

“दाखव.”

आता काकूंना चरखा दाखवायचा म्हणजे परीक्षाच. विनोबा 1932 च्या डिसेंबरात इथं नालवाडीला राहायला आले आणि 1938 ला पवनारला गेले. मधल्या काळात नुसत्या कताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, हे त्यांनी स्वतःच्या पोटावर तपासून पाहिलं. ग्रामसेवा मंडळ त्याच दिवसांत निघालं. काकूंच्या सासूबाई त्या वातावरणात वाढलेल्या, आणि काकू स्वतः शाळेत टकळी शिकलेल्या. 160 तारांची लटी, चार लट्यांची 640 तारांची गुंडी, हा हिशेब त्यांना अजून पाढ्यासारखा पाठ आहे.

मी कुंपणावरून मोबाईल धरला. माझी बाहुली चरख्याशी गेली, हात हलले, लोकरीचा गोळा तयार. काकूंनी चष्मा नाकावर खाली ओढला.

“पिंजलं कुठं?”

“पिंजावं नाही लागत यात.”

“मेंढीच्या अंगावरची लोकर सीधी चरख्याले? काडी-कचरा नाई, पेळू नाई?” त्या आणखी वाकल्या. “नं सूत कसं तुटत नाई वं?”

“खेळात नाही तुटत.”

“मंग थे कातनं कायचं! महिनाभर नुस्तं तुटाचं आमचं. तुटलं का जोडाचं, तुटलं का जोडाचं. बाई म्हनत, जोडता आलं म्हंजे कातता आलं.” खेळ करणाऱ्यांना लंब्रिजमध्ये कोणी भेटलं नसेल, पण नालवाडीत त्यांना काकू भेटल्या आणि नापास करून गेल्या.

मी म्हटलं, मेहनत यातही आहे. प्रत्येक कसबाच्या पायऱ्या असतात. पहिलीवरून दुसरीवर जायला 83 गुण. एक गोळा कातला की अडीच मिळतात. शेवटची पायरी 99वी, तिला 1 कोटी 30 लाख 34 हजार 431 गुण. आणि गंमत ही की निम्मे गुण होतात तेव्हा आपण 92व्या पायरीवर असतो.

काकूंनी क्षणभर विचार केला. “लग्नाच्या पंगतीवानी हाय. सगळे जेवले वाटते, नं मंग पाह्यलं तं अर्धं गाव बसाचंच हाय.”

इतका नेमका खुलासा मला पोट्ट्यानंही केला नव्हता.

मग गाईंचा विषय निघाला. निघायला नको होता. त्या गावाला लागून एक गाईंचं आवार आहे. नवे खेळाडू तिथं गाई मारतात, कातडी गोळा करतात आणि अल खरीद नावाच्या वाळवंटी गावात चांभाराकडं नेतात. तो एका नाण्याला एक कातडं कमावून देतो. त्याचे हातमोजे, जोडे शिवायचे. मी हे बोलून गेले आणि काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“नालवाडीत बसून गाय मारते तू?”

इथं विनोबांचे सहकारी वाळुंजकर यांनी चर्मालय चालवलं, ते फक्त आपल्या मौतीनं मेलेल्या जनावराच्या कातड्यावर. त्या काळी सवर्णाघरच्या माणसानं त्या कामाला हात लावणं हीच केवढी गोष्ट होती. काकूंच्या सासऱ्यांनी तिथल्या चपला जन्मभर वापरल्या. त्या घरासमोर मी हे बोलले.

“मारत नाही हो काकू, ऐकून तर घ्या. बाकीचे लोक गाई मारतात नि घाईत कातडी तिथंच टाकून जातात. थोड्या वेळानं ती कोणालाही उचलता येतात. मी तेवढीच उचलते. पोट्टा हसतो, म्हणतो, आई, तू खेळातही ग्रामोद्योग काढलास.”

काकूंनी शेंग सोलली. “पडलेलं उचलते नं? मंग चालते.” प्रकरण मिटलं.

“मरते का तिथं मानूस?”

मरतो नं. लंब्रिजहून वॅरक नावाच्या शहराकडं जाताना वाटेत काळे जादूगार उभे असतात. मला कोणी सांगितलं नव्हतं. दोनदा मेले. मेलं की सगळ्यांत महागाच्या तीन वस्तू आपल्याजवळ राहतात, बाकीच्या थडग्यात. पंधरा मिनिटांत जाऊन उचलायच्या. मी पहिल्यांदा थडगं शोधायला गेले आणि त्याच वाटेनं गेल्यामुळं परत मेले.

पण मरण्यापेक्षा लाजिरवाणी गोष्ट वेगळीच. खेळात एक भुयार आहे. त्यातल्या दारांना तोंड असतं. दार विचारतं, पासवर्ड कोणी मागितला तर काय कराल? बरोबर उत्तर दिलं की दार उघडतं. खाली खाली जात एकूण 10,000 नाणी बक्षीस मिळतात. मी सगळी उत्तरं बरोबर दिली. त्याच संध्याकाळी वॅरकच्या बाजारात एक जण ओरडत होता, पैसे द्या, दुप्पट घ्या. मी 500 दिले, त्यानं 1,000 दिले. मी 8,000 दिले. तो गेला.

काकू हसल्या नाहीत. आमच्या गल्लीत दामदुप्पट योजनेत पैसे गेलेली घरं मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत, आणि एक घर त्यांचंही आहे.

“पहिले देऊनच फसवतेत,” त्या हळूच म्हणाल्या. “आम्हालेबी पहिल्या वर्सी बराबर भेटले होते.”

“माझी तर खोटी नाणी गेली काकू.”

“हो. सस्त्यात शिकली तू.”

थोडा वेळ नुसता शेंगांचा आवाज. मग त्यांनी विचारलं, “नं पोरगा? बोलते का आता?”

बोलतो. रात्री नऊला किल्ल्याच्या दाराशी येतो. फोनवर सरळ विचारलं की ‘हो’. पण दोघं एकाच झाडाला कुऱ्हाड मारत असलो की आपोआप लिहितो. गणिताच्या पेपरात अडकलाय, खोलीतल्या मुलाशी पटत नाही, मेस बदलली, हे सगळं मला त्या झाडाखाली कळलं. मी उपदेश करत नाही. लाकडं तोडते.

“आम्ही सोले सोलता सोलता बोलतो, थसंच हाय थे,” काकूंनी निकाल दिला आणि वाटीभर सोले कुंपणावरून माझ्या हातात ठेवले. “सोलेभात कर. नं थ्या तीन मेंढ्या उरकून टाक. दोन महिने झाले म्हनते, शेतकरी काय म्हनन?”

संध्याकाळी वीस पुरे झाले. शेतकऱ्यानं 60 नाणी दिली. पोट्ट्याला सांगितलं तर त्यानं टाळ्या वाजवणारा बाहुला नाचवला.

तर बायांनो, ज्यांची लेकरं परगावी आहेत आणि फोनवर नुसतं ‘हो’ म्हणतात, त्यांना माझं एवढंच सांगणं. तो जे खेळतो त्यात नाव घालून घ्या. आधी गावातली बारकी कामं करा, भारी चिलखतवाल्यांच्या मागं धावू नका. पासवर्ड पोटच्या पोरालाही सांगू नका, दुप्पट देणाऱ्यासमोरून सरळ निघून जा. आणि गिरणीवर जाताना भांडं तेवढं घेऊन जा.