आधी कोनशिला, मग सभागृह

तिरोड्यातल्या एखाद्या शाळेने नाटक-नाचगाण्यासाठी सभागृह बांधायचे मनावर घेतले, तर ते कसे बांधावे याचे शास्त्र आता पक्के झाले आहे. ज्या शाळा समित्या यात नवख्या आहेत, त्यांच्या सोयीसाठी हे मार्गदर्शन.

सुरुवात कोनशिलेपासून करावी. नकाशा चहा येण्याआधी मंजूर होतो. पण कोनशिलेवर कोणाचे नाव कोणाच्या वर, याला तीन बैठका आणि एक राजीनामा लागतो. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसवली गेली. हा पायंडा आपल्याकडे पाडू नये. कलावंताच्या हाती थापी दिली की तो हमखास विचारतो, पडदा कुठे लागणार?

रंगमंचाची लांबी पाहुण्यांवरून ठरवावी. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे आणि रुसलेले माजी पदाधिकारी एका रांगेत मावले, की लांबी पुरे. खोली टेबल, खुर्ची आणि मागचे फ्लेक्स यांच्यापुरती. फरशी चकचकीत ग्रॅनाइटची. तिच्यावर अनवाणी दंडार करणारी पोरे घसरली, तर नवे नृत्य बसवले म्हणून टाळ्या घ्याव्यात. विंगा अजिबात नकोत. पात्रे उगाच आत लपून बसतात. रंगभूषा खेळसाहित्याच्या खोलीत, आणि स्वच्छतागृह मैदानापलीकडे. झाशीच्या राणीला तलवार सावरत तिथवर जाऊन यावे लागते, तेवढाच युद्धाचा सराव.

आता आवाज. १८९५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन नावाच्या प्राध्यापकापुढे एक पेच होता : नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. त्याने रात्रीच्या रात्री दुसऱ्या सभागृहातल्या गाद्या तिथे वाहून आणल्या, मोजमापे घेतली, आणि त्यातून सभागृहांच्या ध्वनीचे गणित जन्माला आले. संवाद कळायचा तर घुमणे साधारण सेकंदभरात विरले पाहिजे. आपण गाद्या वाहू नयेत. वर पत्रे, खाली टाइल्स, भिंतींना गुळगुळीत पुट्टी. मग महाराजांनी एकदा ‘तानाजी’ म्हटले की चारही भिंतींतून तानाजी धावून येतात. कमी पात्रांत मावळ्यांची फौज उभी राहते.

विजेचे काय, असे विचारू नये. तालुक्यात ३३०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे, म्हणूनच जनरेटरची खोली रंगमंचाला अगदी लागून बांधावी. करुण प्रसंगाला पार्श्वसंगीत आपोआप मिळते. आणीबाणीचे दार ठेवावे, पण फुकटे घुसू नयेत म्हणून त्याला कुलूप घालून किल्ली शिपायाकडे द्यावी. शिपाई त्या दिवशी रजेवर असावा. कोल्हापूरचे १९१५ सालचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाले, हे सगळ्यांनी वाचले आहे. वाचून हळहळण्याचा ठरावही समितीने एकमताने करावा.

एक खबरदारी मात्र जरूर घ्यावी : झाडीपट्टीतल्या नाटकवाल्यांना नकाशा दाखवू नये. हे लोक धान निघाले, मंडई-शंकरपटाचे दिवस आले, की वडशाच्या मंडळीला सुपारी देतात आणि कापलेल्या शेतात रातोरात नाट्यगृह उभे करतात. मागच्या माणसाला दिसावे म्हणून जमीन उतरती खणतात, वर शामियाना ताणतात, आणि पहाटेपर्यंत नाटक चालते. टाइल्स नाहीत, कोनशिला नाही, तरी गर्दी हटत नाही. याच रंगभूमीवर उभी हयात घालवलेल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. असा कोणी म्हातारा नट सभागृहात शिरला, तर सपाट फरशीकडे पाहून एवढेच विचारेल, “काहून जी गुरुजी, मागच्या पोराले दिसन का?” या प्रश्नाचे उत्तर अंदाजपत्रकाच्या कोणत्याच कलमात नसते.

आणि खरे तर समितीला ते लागतही नाही. सभागृह वर्षातून दोन दिवस स्नेहसंमेलनाला, उरलेले दिवस सत्कार, प्रशिक्षण आणि लग्नाच्या पंगतींना. पंगतीला सपाट फरशीच बरी. त्या अर्थाने ही वास्तू अगदी हेतूनुसार बांधलेली असते. फक्त फलकावर ‘कलामंदिर’ लिहिलेले असते.

ज्या समितीला हे मार्गदर्शन पटणार नाही, तिने एक सोपी चाचणी करावी. नकाशावर सही करण्याआधी मोकळ्या मैदानात सभागृहाची चुन्याने आखणी करावी. रंगमंचाच्या उंचीएवढ्या बाकावर एका पोराला उभे करून, शेवटच्या रांगेच्या जागी पाचवीतल्या एका मुलीला खाली बसवावे. मधल्या रांगांत मोठी माणसे बसवावीत आणि पोराला माईकविना चार वाक्ये बोलायला सांगावीत. मुलीला पोराचे पाय दिसले आणि शब्द कळले, तरच सही करावी. नाही तर आधी उतार काढायला सांगावा. कोनशिला नंतरही बसवता येते.