फीचं तेवढं बघू नंतर

कराटेच्या सरांना दोन आवाज असतात. एक पटांगणावरचा. संध्याकाळी साडेसहाला डोंबिवलीतल्या एखाद्या शाळेच्या मागच्या गल्लीत उभं राहिलात, तर "इच! नी! सान! शी!" असा पुकारा भिंत ओलांडून येतो. पाठोपाठ तीसेक पोरं एका दमात ओरडतात आणि तारेवरचे कावळे जागा बदलतात. दुसरा आवाज ऐकायला मात्र अगदी जवळ जावं लागतं. एखादी आई पर्स सावरत विचारते, "सर, फी किती तुमची?" आणि एका हाताने दोन कौलं फोडणारा हा गृहस्थ स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत पुटपुटतो, "तसे हजार आहेत... म्हणजे आठशेच घेतो आपण... तुम्ही आधी मुलाला पाठवा तर खरं. फीचं तेवढं बघू नंतर."

एका दमात तीन दर झाले: हजार, आठशे आणि नंतर. बहुतेक पालक तिसरा पसंत करतात.

आमचे सर दिवसा एमआयडीसीतल्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळतात. तिथे नट-बोल्टचा हिशेब त्यांच्या हातून कधी चुकत नाही. माल देणाऱ्याने किलोमागे रुपया वाढवला तर त्याला तासभर बाकड्यावर बसवून ठेवतील. पण सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी पांढरा ड्रेस अंगावर चढला की स्टोअरकीपर आत राहतो आणि सेन्सेई बाहेर येतो. पट्टा काळा आहे असं आपण सरांच्या शब्दावर मानायचं. इतकी वर्षं बांधून कडांचा काळा धागा उडालाय आणि आतला पांढरा दिसायला लागलाय. नवीन घेत नाहीत. पट्टा जुना असणं हा त्यांच्यात मान समजतात, आणि सरांच्या बाबतीत तो मान परवडणाराही आहे.

फी ते माणूस बघून ठरवतात. मोटारीतून उतरणारा बाप आला की "भावंडं दोन आहेत ना, मग दुसऱ्याचे चारशे द्या." आजी सोडायला येत असेल तर तिच्या गुडघ्यांकडे बघून शंभर कमी. एप्रिलमध्ये परीक्षा म्हणून अर्धे, मे महिन्यात पोरगं मामाकडे म्हणून काहीच नाही, गणपतीत दहा दिवस बुडाले म्हणून एका काकूंनी भागाकार करून आणला तोही मान्य. त्या काकूंचा मुलगा शाळा बुडवतो तेव्हा त्या शाळेकडे भागाकार घेऊन जात नाहीत, हे सरांच्या लक्षात येतं. पण दुसऱ्या दिवशी, कंपनीत, दुपारच्या चहाला.

गंमत अशी की या सगळ्या कनवाळूपणाचा फायदा ज्याला व्हायला हवा त्याला होतच नाही. हिरव्या पट्ट्याची एक मुलगी आहे, तिचे वडील रिक्षा चालवतात. एक तारखेला आठशे रुपये, दहा-वीसच्या नोटांत, रबर लावून. सरांनी एकदा "राहू द्या हो" म्हणून बघितलं. त्यांनी रिक्षा बंद न करताच सांगितलं, "नको सर. फुकट म्हटलं की ही दांड्या मारेल." आणि तीन महिन्यांची बाकी आहे ती डॉक्टरांच्या चिरंजीवांची. सवलत मागायला तोंड लागतं, आणि ते बहुधा भरल्या पोटीच उघडतं.

कोणी कमाईचा विषय काढलाच तर सर इतिहासात शिरतात. फुनाकोशी गुरुजी ओकिनावाहून १९२२ साली टोकियोत आले, ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहिले, तिथली झाडलोट केली, बागेची निगा राखली आणि उरलेल्या वेळात कराटे शिकवलं. हे सांगताना सरांचे डोळे भरून येतात. एकदा वहिनी घरी भाजी निवडत हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे राहायची सोय होती त्यांची. आपला हप्ता नऊ वर्षं आहे अजून."

इतिहासाचा दुसरा अध्याय कोल्हापूरचा. सरांचे आजोबा तालमीतले. वस्ताद पैशाला शिवत नसत, गुरुपौर्णिमेला नारळ आणि मूठभर बदाम, बस्स. पण हे सांगताना शाहू महाराज गाळले जातात. ज्या गावात राजा स्वतः मल्लांना पोसतो आणि १९१२ साली कुस्तीसाठी खासबागेसारखं मैदान उभं राहतं, तिथल्या वस्तादाला नारळावर भागवता येतं. आमच्या सरांच्या पाठीशी शाळेची समिती आहे. ती दरमहा पाच हजार भाडं घेते आणि साडेआठला दिवे घालवते.

पट्ट्यांच्या परीक्षेत तरी चार पैसे सुटावेत. तिथेही सरांचा प्रामाणिकपणा आडवा येतो. पिवळ्या पट्ट्याचे सातशे रुपये घेताना पालकांना सांगतील, "खरं म्हणजे हे पट्टे ज्यूदोचे. ज्यूदोच्या कानो गुरुजींनी १८८२ मध्ये कोदोकान ही शाळा काढली तेव्हा असले रंग नव्हतेच. पिवळा, नारिंगी, हिरवा हे मागाहून, युरोपातल्या क्लबांत रुळलं." समोरचा पालक सातशेच्या नोटांची घडी परत खिशात घालत विचारतो, "मग आवश्यक आहे का हा?" सर म्हणतात, "तसं काही नाही."

मध्यंतरी स्टेशन रोडला काचेची अकॅडमी निघाली. एसी, आरसे, रिसेप्शनवर मुलगी. तिमाही नऊ हजार, नोंदणीचे दीड हजार वेगळे आणि परत न मिळणारे, आणि अठरा महिन्यांत ब्लॅक बेल्ट. सरांकडे पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणारे चार जण तिथे कार्ड घासून आले. सर दुखावले, पण बोलले एवढंच, "अठरा महिन्यांत? मला धड उभं राहायला दोन वर्षं लागली होती." हे वाक्य जाहिरातीत छापावं इतकं चांगलं आहे. सर ते फक्त शिपायाला ऐकवतात.

शेवटी हिशेबाला बसली ती सरांची जुनी विद्यार्थिनी. पट्टा तपकिरी, शिक्षण बी.कॉम. तिसरं वर्ष. तिने सरांची वही मागितली. वहीत मुलांची नावं होती, पुढे आकड्यांऐवजी शेरे होते: 'आजोबा आजारी', 'नंतर देतो म्हणाले', 'चांगली किक आहे'. त्यातून तिने फेब्रुवारी उकरून काढला. पटावर एकतीस मुलं. जमा १५,३५० रुपये. महिन्याला बारा वर्ग, दीड-दीड तासाचे, म्हणजे अठरा तास. "सर, एका मुलामागे तासाला साडेसत्तावीस रुपये पडले. नाक्यावर वडापाव येतो, कटिंगला अडीच रुपये कमी."

यातून भाडं, कुलूप उघडणाऱ्या शिपायाचे पाचशे, असोसिएशनची वर्गणी, फाटलेले पॅड आणि दुखण्यावरचा स्प्रे अजून जायचा होता. सरांनी घाबरून विचारलं, "जीएसटी भरावा लागेल का गं? एक पालक म्हणत होते." "वीस लाखांच्या वर गेलात की बघू," ती म्हणाली. सरांना हायसं वाटलं, आणि मग जरा वाईटही.

तिचं म्हणणं साधं होतं. भाडं आणि खर्च आधी मांडायचा, त्यात सरांच्या तासांची मजुरी घालायची, नेमाने येणाऱ्या मुलांच्या संख्येने भागायचं. पटावरच्या नव्हे, कारण पट फुगलेला असतो. येईल तो आकडा सगळ्यांना एकच. तीन जागा बिनफीच्या, त्या कोणाला द्यायच्या ते सरांनी गुपचूप ठरवायचं, मागणाऱ्याने नाही. सुट्टीचे पैसे कापायचे नाहीत, कारण समितीही मे महिन्याचं भाडं सोडत नाही. मला विचाराल तर याहून रास्त फी कुठल्याही गुरुकुलात निघणार नाही. सरांना मात्र त्यात व्यापाराचा वास आला.

"अगं, विद्या विकायची नसते."

"ब्रूस ली खासगी शिकवणीचे तासाला २७५ डॉलर घ्यायचा सर. कार्डावर छापले होते."

"तो ब्रूस ली होता."

"तेव्हा कुठे होता? 'एंटर द ड्रॅगन' १९७३ चा. हे त्याच्या आधीचं आहे."

सरांनी आयुष्यात बऱ्याच लाथा अडवल्या असतील, ही अडवता आली नाही.

आकडा हजार निघाला. म्हणजे सर जो कायम तोंडाने म्हणत आणि कधीच घेत नसत, तोच. व्हॉट्सॲपवर कळवायचं ठरलं. सरांनी मसुदा केला. त्यात महागाई, क्षमस्व, कुटुंब, आणि तीन ठिकाणी जोडलेले हात होते, फीचा आकडा नव्हता. विद्यार्थिनीने दोन ओळींत लिहून पाठवून दिलं. रात्री सरांनी तिला न विचारता खाली जोडलं, 'ज्यांना शक्य नसेल त्यांनी प्रत्यक्ष भेटावे.' बुधवारी सगळ्यात आधी भेटायला मोटार आली. रिक्षा आली ती नेहमीच्या वेळेला, रबर लावलेले हजार देऊन गेली. त्या तीन बिनफीच्या जागांतली एक हिरव्या पट्ट्याच्या मुलीसाठीच धरली होती, हे सरांनी सांगायला तोंड उघडेपर्यंत रिक्षा चौकात वळलीसुद्धा.

मग फलक आला. 'मासिक फी रु. १,०००. वाटाघाटी नाहीत.' दुसरं वाक्य सरांनी फार लागतं म्हणून कापायला लावलं आणि उरलेला फलक हॉलच्या दाराच्या मागच्या बाजूला टांगला. दार मिटल्यावर तो उत्तम दिसतो. वर्ग चालू असताना दार उघडं असतं.

तरी जूनमध्ये एका नव्या बाईंनी तो वाचला. पाऊस आत येत होता म्हणून कोणीतरी दार लोटलं होतं. बाईंनी मान डोलावली, फोन काढला, क्यूआर कोडवर धरला आणि पैसे गेलेसुद्धा. सरांची दोन-तीन वाक्यं तोंडातच राहिली. "पावती मिळेल ना?" बाईंनी विचारलं. पावतीपुस्तक कोरं होतं. सरांनी पेन झटकलं, मुलाचं नाव वळणदार लिहिलं, तारीख घातली आणि पुढे सवयीने ८०० लिहून पावती फाडली.

"सर, हजार पाठवलेत मी."

"हो हो," सर अंगठ्याकडे बघत म्हणाले, "दोनशे पुढच्या महिन्यात धरू."