मॉन्टेरेच्या फ्लॅशवीर काकांना अनावृत पत्र

तीर्थस्वरूप फ्लॅशवीर काका,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे ॲक्वेरियमच्या जेलीफिश दालनात आपण जे छायाचित्रण केलंत, त्याने मागे ताटकळलेले आम्ही सगळे दिपून गेलो. अगदी शब्दशः. लेकाकडे चार दिवस राहायला आलेला मराठी माणूस एवढ्या त्वेषाने जेलीफिशवर तुटून पडतो, हे पाहून ऊर भरून आला.

आपलं शास्त्र साधं आहे : अंधार दिसला की फ्लॅश मारायचा. लग्नात चालतं, मग इथे का नाही? ॲक्वेरियमवाल्यांना एवढंही सुचलं नाही. बिचाऱ्यांनी दालन काळोखं ठेवलं, टाकीमागे निळाई उभी केली आणि बाजूने दिवे सोडले. का, तर जेलीफिशच्या अंगात म्हणे 95 टक्के पाणीच! बाजूचा उजेड तिच्या कडांवर आणि झालरींवर अडकतो, म्हणून ती उजळून दिसते. हे सगळे लाड आपण एका क्लिकसरशी मोडून काढलेत. निळं पाणी राखाडी झालं, त्यातला कण न् कण भुईनळ्यासारखा चमकला आणि मधोमध काचेवर एक पांढरा गोळा उमटला. तोच आपण काकूंना ‘मून जेली’ म्हणून दाखवलात. खरी मून जेली त्याच्या डावीकडे होती. तिच्या पोटातल्या घोड्याच्या नालांसारख्या चार आकारांना आपण डोळे म्हणालात, त्या तिच्या जननग्रंथी. प्रकाश ओळखणारे ठिपके असतात ते छत्रीच्या कडेला, आठ ठिकाणी. मेंदू मात्र नसतो. त्यामुळे आपल्याविषयी तिचं मत काय झालं, हे कळायला मार्ग नाही.

आणि तिच्यामागे आपण धावत का होतात? त्या टाकीला कोपरे नसतात. कोपऱ्यात जेलीफिश अडकते, फाटते. म्हणून पाणी गोल गोल फिरतं ठेवलेलं असतं. एका जागी उभं राहिलं की तीच फिरून समोर येते.

आपल्या शेजारची काळ्या शर्टातली मुलगी तशी उभी होती. लेन्सचं रबरी हूड काचेला सपाट टेकवलेलं, कारण जाड ॲक्रिलिकमधून तिरकं पाहिलं की चित्र फाकतं. आयएसओ 3200, शटर 1/125, एक्स्पोजर थोडं उतरवलेलं, म्हणजे काळं ते काळंच राहावं. सी नेटल जेलीफिशची सोनेरी छत्री आक्रसेपर्यंत तिने श्वास धरला होता. एवढं करून तिच्या एकाही फोटोत ती स्वतः आली नाही. आपण आपल्या प्रत्येक फोटोत आहात.

सार्डिनच्या थव्यालाही आपण सोडलं नाहीत. माशांना मिटायला पापण्या नसतात, ही त्यांची चूक. ही जागा पूर्वी सार्डिन डबाबंद करणारा कारखाना होती. 1973 साली तो बंद पडला, 1984 साली तिथे ॲक्वेरियम उघडलं. तारलीच्या या चुलतबहिणींना वाटलं, सुटलो! ‘यांचं तिखलं कसं लागेल?’ हा आपला प्रश्न तेवढा रास्त होता.

कळावे, लोभ असावा.

आपल्या मागे उभा असलेला,
एक दिपलेला

ता. क. : ऑक्टोपसच्या टाकीकडे जाताना जरा जपून. त्याला मेंदू आहे आणि माणसांचे चेहरे तो लक्षात ठेवतो.