मुत्सद्द्यांचे उमेदवार

आंतरराष्ट्रीय संबंधांची पदव्युत्तर पदवी घेऊ इच्छिणारा अमेरिकी तरुण, ज्याला घरमालकाशी भाड्याचा तहही अद्याप धड करता आलेला नाही, जॉर्जटाऊन, फ्लेचर आणि जॉन्स हॉपकिन्स या तीन दरबारांचे प्रवेशाचे खलिते समोर मांडून ज्या गांभीर्याने सत्तासमतोलाचा विचार करतो, ते पाहता व्हिएन्नाची परिषद ही एक किरकोळ पंचायत वाटू लागते. जॉर्जटाऊनची संस्था १९१९ सालची. म्हणजे १९२४ च्या कायद्याने त्या देशाची परराष्ट्रसेवा आजच्या स्वरूपात अस्तित्वात येण्यापूर्वीच तिथे तिचे अधिकारी तयार होऊ लागले होते, आणि ही दूरदृष्टी शुल्काच्या आकारणीतही अबाधित राहिली आहे. फ्लेचर १९३३ ची, बोस्टनच्या शेजारची, थंडी सोसणाऱ्यांसाठी. हॉपकिन्सची शाळा मात्र पॉल निट्झ आणि ख्रिश्चन हर्टर यांनी १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, भावी शांततेच्या बंदोबस्तासाठी स्थापिली, आणि २०२३ पासून ती वॉशिंग्टनमध्ये अशा भव्य वास्तूत नांदते आहे, की जिथे पूर्वी वृत्तपत्रविद्येचे संग्रहालय होते व जे पैशाच्या तंगीने बंद पडले. विद्यापीठाने ती वास्तू ३७ कोटी २५ लाख डॉलरांना खरेदी केली. (बातमीची जागा धोरणाने घ्यावी, हे कालमानाला धरूनच आहे.) परराष्ट्रसेवेच्या प्रवेशनियमांत वयाची आणि नागरिकत्वाची चौकशी होते, विशिष्ट पदवीची अट नाही, पण हा तपशील कोणत्याही खलित्यात ठळक अक्षरांत छापल्याचे आमच्या पाहण्यात नाही.