दोन पडद्यांचा संसार

मुलुंड असो की बोरिवली, वन बीएचकेत पाय पसरायला जागा नसते. पण घरून काम करायचं तर फोर-केचे दोन मॉनिटर हवेतच. खरी करमणूक केबल लावल्यावर सुरू होते. टाइप-सीचे पोर्ट दिसायला जुळे. एकातून चित्र जातं, दुसऱ्यातून निव्वळ चार्जिंग. एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं आणि माउसचा बाण लंगडतो. ६० हवे तर २०१३ सालचं २.० शोधा. असे दोन पडदे एकाच केबलने, डॉकमधून चालवायचे म्हणजे सेकंदाला सुमारे २४ गिगाबिट नुसतं चित्र, आणि डिस्प्लेपोर्ट १.२ ची झेप जेमतेम १७ ची. म्हणजे संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बोरिवलीकराने सोफा घेऊन चढणं! २०२० चं एम-वन मॅकबुक एअर तर एकपत्नीव्रती: बाहेरचा मॉनिटर एकच. दुकानदार मात्र प्रत्येक डॉकबद्दल ठामपणे सांगतो, “सपोर्ट करतो ना साहेब!” काय आणि किती, ते विचारायचं नसतं.

अखेर दोन्ही पडदे उजळतात. एकावर एक्सेल, दुसऱ्यावर मीटिंग. आणि एवढ्या लखलखाटात साहेब विचारतात, “माझी स्क्रीन दिसतेय का सगळ्यांना?”