आत्तापर्यंत काय झालं?

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. चार रिळांचा सिनेमा. त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात शिल्लक आहे, मधलं सगळं गेलं. अभ्यासक याबद्दल हळहळतात. मला मात्र हे वाचून हसू आलं, कारण आमच्या घरचा हिशेब नेमका उलटा. लहानपणी जेवढे सिनेमे पाहिले त्या सगळ्यांचं मधलंच तेवढं माझ्यापाशी आहे. सुरुवात आईनं घालवली आणि शेवट वडिलांनी. फाळक्यांचं आणि आमचं जोडलं असतं तर एक अख्खा सिनेमा सहज उभा राहिला असता.

आम्ही लालबागचे. वडील गिरणीत, घर चाळीत, आणि पायी जाता येईल एवढ्या टापूत इतकी थिएटरं की आज सांगितलं तर नातवंडांना थाप वाटते. भारतमाता, जयहिंद, गणेश टॉकीज, थोडं पुढं हिंदमाता, दादरच्या अंगाला शारदा, चित्रा, प्लाझा, कोहिनूर. भारतमाता आणि हिंदमाता या दोन माता आमची वाट पाहत उभ्या असायच्या आणि तिसरी माता घरात निऱ्या घालत असायची.

सहाच्या खेळाला निघायचं तर तयारी चारला सुरू होई. वडील पहिल्या पाळीहून येऊन जरा पडलेले. आई म्हणे, “झालंच माझं.” हे ‘झालंच’ म्हणजे आता सुरू करते. मग स्टो बंद आहे ना, नळ बंद आहे ना, किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली ना, धाकट्यानं जाऊन घेतलं ना. धाकट्यानं जाऊन घेतलेलं असलं तरी जिन्यात त्याला पुन्हा लागे. वडील गॅलरीत चपला घालून उभे. ते चिडत नसत, त्यांचा एक हिशेब होता. “सहाचा खेळ म्हणजे सव्वासहा. आधी स्लायडी, मग इंडियन न्यूज. वीस मिनिटं कुठं गेली नाहीत.” इंडियन न्यूज म्हणजे फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट. तो दाखवायची थिएटरवाल्यांवर सक्ती होती. त्यात दर वेळी कुठंतरी पूर येई, कुठंतरी धरणाचं उद्घाटन होई. हे धरण आधीच बांधलं असतं तर तो पूर आला नसता, असं मला फार वाटे. वडिलांचा सगळा भरवसा त्या पुरावर. पण आमच्या नशिबी नेमका असा खेळ यायचा की पूर आटपलेला असे, उद्घाटन उरकलेलं असे आणि पडद्यावर नायक तरुण झालेला असे.

अंधारात शिरलं की डोअरकीपरची बॅटरी आधी आमच्या पायांवर पडे, मग तिकिटांवर, मग वडिलांच्या तोंडावर. मग आमची वरात निघे. पुढं वडील, मागं धाकट्याला कडेवर घेतलेली आई, तिच्या मागं आजी, तिच्या मागं पिशवी सांभाळत मी. अख्खी रांग उठून उभी राही, मागच्या रांगा ओरडत आणि पायाखाली शेंगांची टरफलं कडाकडा वाजत. टिळकांच्या गोष्टीचा इथं काही उपयोग नव्हता. शेंगा सगळ्यांनीच खाल्लेल्या असत आणि टरफलं कोणीच उचलत नसे. एवढं करून आमच्या खुर्च्यांवर आधीच एक कुटुंब बसलेलं असे आणि तेही आपल्या जागी बरोबर असे, कारण आम्ही रांग चुकलेली असे.

बसलो की वडील शेजारच्या अनोळखी माणसाकडे कलून पहिला प्रश्न विचारत, “काय झालं आत्तापर्यंत?”

आणि तो माणूस सांगे! आज हे कोणाला पटणार नाही. आज पिक्चर चालू असताना शेजाऱ्याला काही विचारलं तर तो मॅनेजरला बोलावील. तेव्हा उशिरा आलेल्याला गोष्ट सांगणं हे पाणी विचारण्याइतकं साधं कर्तव्य होतं. वडील त्याच्या तळहातावर मूठभर खारे दाणे ठेवत आणि तो चघळत चघळत सुरू करी, “काही नाही हो. हिचं त्याच्यावर प्रेम आहे, पण बाप नाही म्हणतो.” हा सारांश इतका भक्कम होता की पुढं निम्म्याअधिक सिनेमांना तो सांगणाऱ्यानं न बदलता वापरलेला मी ऐकला.

पण काही सांगणारे कल्पक भेटत. ‘दीवार’ला आम्ही पोचलो तेव्हा दोन्ही भाऊ मुंबईच्या फुटपाथवर आले होते. मोठ्याच्या हातावर काहीतरी गोंदलेलं होतं आणि ते बघून तो सारखा खिन्न होत होता. वडिलांनी विचारलं. शेजारचा गृहस्थ म्हणाला, “जत्रेत गोंदवलं लहानपणी. चुकीचं गोंदलं.” झालं. अमिताभ बच्चन पुढं जे काही करतो, ते जत्रेतल्या गोंदणाऱ्याचं शुद्धलेखन कच्चं असल्यामुळं, अशी माझी पक्की समजूत झाली. खरं कारण म्हणजे कामगार पुढारी असलेला बाप, मालकांची धमकी, त्या धमकीपुढं त्यानं केलेली सही. हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात होतं. अख्ख्या गिरणगावात त्या अर्ध्या तासाशी ज्यांचा सगळ्यात जवळचा संबंध, ते आमचे वडील तेव्हा गॅलरीत चपला घालून उभे होते.

आजीची अडचण वेगळी. ती कोकणातून गणपती झाल्यावर यायची आणि दिवाळीपर्यंत राहायची. तिला मागचं काही नको असे, समोरचंच कळलं पाहिजे. नायकानं शर्ट बदलला की ती मला ढोसून विचारी, “ह्यो मगाशीचोच मा रे?” मागच्या सिनेमात मेलेला नट या सिनेमात चहा पिताना दिसला की ती माझ्याकडे अशी बघे की तिकिटाचे पैसे मीच परत द्यावेत. निळू फुले पडद्यावर आले की ती बोटं मोडायला सुरुवात करी. त्यांनी अजून काही केलेलं नसे. पण हा पुढं काय करणार, हे तिला कोणाला विचारावं लागत नसे. सबंध कुटुंबात सिनेमा वेळेवर कळलेली ती एकटीच.

‘जय संतोषी माँ’ला मात्र आम्ही वेळेवर गेलो. देवाच्या दारी उशीर नको म्हणून. 1975 सालचं ते प्रकरण ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून खरं वाटणार नाही. बायका चपला दाराशी काढून आत जात होत्या, पडद्यावर देवी आली की फुलं आणि नाणी उडत होती. मला त्यातलं आठवतं ते एवढंच, की माझ्या तोंडात लिंबाची गोळी होती. संतोषी मातेला आंबट चालत नाही. आईच्या हे लक्षात आलं ते नेमकं आरतीच्या वेळी. तिनं माझा गाल दाबून गोळी तळहातावर काढून घेतली. आता ती टाकायची कुठं? देवीसमोर थुंकलेलं टाकता येईना, पदराला बांधता येईना. आईनं ती उरलेली गोळी अख्खा सिनेमाभर मुठीत धरली आणि त्याच चिकट मुठीनं नमस्कार केले. मी अनवाणी पायाला टोचणारी टरफलं मोजत बसलो. घरच्यांबरोबर सुरुवातीपासून पाहिलेला तो एकमेव सिनेमा आणि त्यातलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही.

दादा कोंडक्यांचं म्हणाल तर तो आमच्याच भागातला माणूस, नायगावचा, अपना बाजारात नोकरी केलेला. 1971 साली ‘सोंगाड्या’साठी कोहिनूरवर शिवसैनिक उतरले, ती हकिगत आमच्या चाळीत रामायणासारखी सांगितली जाई, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात तो स्वतः सगळ्यात पुढं असे. त्यामुळं दादांचे सिनेमे चुकवणं शक्य नव्हतं. प्रश्न मुलांचा होता. ‘सोंगाड्या’त फार काही नव्हतं, पुढं पुढं संवादांत दोन-दोन अर्थ यायला लागले. आईनं त्यावर तोड काढली. तसा संवाद यायचा रंग दिसला की तिचा उजवा तळवा माझ्या कानावर, डावा धाकट्याच्या. दुसरा कान तिच्या खांद्याला दाबलेला. मग मला संवाद ऐकू येत नसे, थिएटर फुटल्याचा आवाज दुरून येई आणि कानावरचा तळवा गदगदा हलत राही. म्हणजे ती हसत असे. कोणत्या विनोदाला किती दाद मिळाली, हे मला आईच्या तळव्यावरून बिनचूक सांगता येई. विनोद काय होता ते मात्र कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि तळवा जास्त चांगला होता असं माझं प्रामाणिक मत आहे.

शेवट वडिलांचा. त्यांचं एक सूत्र होतं, गर्दी व्हायच्या आत बाहेर पडायचं. त्यासाठी सिनेमा संपत आल्याची खूण आधी ओळखावी लागे. पोलिसांची जीप दिसली की संपला. हरवलेली आई सापडली की संपला. ‘शोले’ आम्ही थेट मिनर्व्हात पाहायला गेलो, सत्तर एमएममध्ये, बस बदलून. एवढा खर्च केल्यावर तरी शेवटपर्यंत बसतील असं वाटलं होतं. पूल उडाला आणि वडील उठले. “पूल उडाला. आता काय राहिलं? चला, बस सापडेल.” मी वळून वळून पाहत होतो, पण डोअरकीपरनं पडदा बाजूला केला होता आणि बाहेरचा उजेड डोळ्यांत गेला.

पूल उडाल्यावर काय होतं हे वाचकाला माहीत आहे. मला नव्हतं. जय मरतो, हे शाळेत कोणीतरी म्हणालं तेव्हा मी त्याच्याशी मारामारी केली. “मी मिनर्व्हात पाहिलाय!” हा माझा मुद्दा बिनतोड होता, कारण बाकीच्यांनी तेव्हा कुठंच पाहिला नव्हता. जय उडवतो त्या नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्या होत्या, हेही मला पुढं चाळीत भाड्यानं व्हीसीआर आणला तेव्हा समजलं. तोवर जय हा फक्त नशीबवान माणूस आहे असं मी धरून चाललो होतो. वडिलांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, “बस सापडली होती ना?” त्यांच्या बाजूनं सांगायचं तर ‘शोले’चा मूळ शेवट सेन्सॉरनंही बदलायला लावला होता. ठाकूर गब्बरला मारतो तो शेवट मिनर्व्हात शेवटपर्यंत बसलेल्यांनाही मिळाला नाही.

सेन्सॉरचं सर्टिफिकेट ही आणखी एक चीज. चाळीतली पोरं त्यावर रिळं किती ते वाचून येत आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात जाहीर करत, “अठरा रिळांचा आहे.” त्यावर त्रिकोण असला तर कात्री लागली, म्हणजे चांगलं चांगलं गेलं, हेही त्यांना माहीत. मी तो कागद प्रथम नीट पाहिला तो मित्रांबरोबर वेळेवर गेलो तेव्हा, आणि आपण काहीतरी चोरून पाहतोय असं वाटलं.

एकदा मामांच्या ओळखीनं ऑपरेटरच्या केबिनमध्ये जायला मिळालं. माझी खात्री होती की अख्खा सिनेमा पाहिलेला जगात एक तरी माणूस असेल तर तो इथं असणार. आत भट्टी होती. दोन मोठी मशीनं, आत कार्बनच्या कांड्यांचा निळसर पांढरा जाळ, बनियनवर बसलेला ऑपरेटर आणि हातात कटिंग चहा. मी अदबीनं विचारलं, “काका, शेवटी काय होतं?” ते म्हणाले, “मला काय ठाऊक? मी ठिपका बघतो.” रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका येतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन सुरू करायचं, दुसऱ्याला त्यावर जायचं. वर्षानुवर्षं त्यांनी तेवढा कोपरा पाहिला होता. त्या दिवशी बोलता बोलता आमच्यामुळं एक ठिपका चुकला, पडदा पांढरा झाला आणि खालून शिट्ट्यांबरोबर ऑपरेटरकाकांच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला. रीळ अडकलं तर चित्र पापड भाजावा तसं फुगून काळं पडे, हेही तिथूनच पाहिलं.

आता गिरगावातलं मॅजेस्टिक, जिथं 1931 साली ‘आलम आरा’ लागला, ते शॉपिंग सेंटर झालंय. ‘आलम आरा’ तर असा गेला की त्याचं पहिलं, मधलं, शेवटचं काहीच उरलं नाही. कोहिनूरचं नक्षत्र झालं. मिनर्व्हा पाडलं. दादरचं चित्रा 2019 साली बंद झालं. मोबाईलवर सिनेमा पाहताना सुरुवात वगळायचं बटण येतं. आमच्याकडे ते काम आई फुकट करत असे.

मी हल्ली मल्टिप्लेक्समध्ये वेळेच्या आधी जाऊन बसतो. हिच्या मते फारच आधी. सगळ्या जाहिराती पाहतो, सर्टिफिकेट वाचतो, शेवटची नावं वर सरकून झाडूवाला येईपर्यंत उठत नाही. गोष्ट संपूर्ण कळते आणि पुष्कळदा वाटतं, यातली पहिली वीस मिनिटं शेजारच्यानं दाणे खात सांगितली असती तर बरी झाली असती.

तेव्हा एक विनंती. खेळ सुरू झाल्यावर एखादं कुटुंब मोबाईलच्या उजेडात खुर्च्या शोधत आलं, तर पाय आत घ्या. त्यातल्या कोणी कलून विचारलं, “काय झालं आत्तापर्यंत?”, तर मॅनेजरला बोलावू नका. सांगा. थोडं पदरचं घातलंत तरी चालेल.