वीत कमी पडली

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत गेल्या रविवारी बी विंगमधला एक मुलगा दुसऱ्या नंबरवरून थेट सातव्यावर घसरला. कारण त्याची वीत लहान निघाली.

सोसायटीच्या क्रिकेट स्पर्धेसाठी खेळाडूंचा लिलाव अजून पंधरा दिवसांवर आहे. चार विंग, चार संघमालक, प्रत्येकाच्या खिशात एक लाख पॉइंट, बेस प्राइस दोन हजार. कॉलेजात जाणारी सोळा पोरं 'ए' गटात, गुडघे दुखणारे आम्ही 'सी' गटात. सामने अंडरआर्म, सहा-सहा ओव्हरचे, तासावर भाड्याने घेतलेल्या टर्फवर. हे सगळं तुमच्याही सोसायटीत चालतं, तेव्हा जास्त सांगत बसत नाही. 2008 साली मुंबईच्याच एका हॉटेलात क्रिकेटवाल्यांवर बोली लागली, 2014 मध्ये कबड्डीवाल्यांवर लागली, मग उरलं कोण? आम्हीच. बोरिवलीला मेव्हण्याच्या सोसायटीने तर लिलावासाठी खास सागवानी हातोडा करून घेतलाय. आमच्याकडे अजून खलबत्त्यातल्या बत्त्यावर भागतं, आणि तो दरवर्षी माझ्याच घरातून जातो, हे जाता जाता.

तर वीत. ही सी विंगच्या तज्ज्ञांची देणगी. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो, त्यामुळे एप्रिलअखेर हे पहाटे साडेपाचला उठून तिकडच्या फुटबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची निवड, बघतात. तिकडे फुटबॉल हाताने खेळतात, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण निवडीआधी कॉलेजच्या पोरांना घड्याळ लावून चाळीस यार्ड पळवतात, जागच्या जागी उड्या मारायला लावतात, 225 पाउंडांचं वजन छातीवरून किती वेळा उचलतो ते मोजतात आणि मग पंजा पसरायला सांगून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पट्टी धरतात. बॉल फेकणाऱ्याचा पंजा नऊ इंचांच्या खाली भरला की जाणकारांच्या कपाळाला आठ्या. नऊ इंच! म्हणजे आमच्या आजीची वीत. दोन वितींचा एक हात, तेवढ्यावर ती परकराचं कापड फाडून घ्यायची आणि दुकानदाराच्या गजावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. मीटर आल्यावर आपण जे अडगळीत टाकलं, ते आता अब्जावधी डॉलरच्या धंद्याचा शिक्का मारून न्यू जर्सीमार्गे मुलुंडला परत आलंय.

चाळीस यार्ड सरळ पळायला आमच्या कंपाउंडमध्ये जागाच नाही, म्हणून पोरांना गेटपासून पंपरूमपर्यंत नेऊन परत आणलं. वजनासाठी 14.2 किलोवाला भरलेला सिलिंडर पहिल्या मजल्यावर चढवायला लावला. तो कोणाचा होता, हे नंतर कळलं. ज्यांच्याकडे तो पोचवायचा होता, त्या काकूंनी सोळाही जणांना पैकीच्या पैकी गुण दिले.

पंजा मोजायचा कार्यक्रम क्लबहाऊसमध्ये, कॅरम बोर्डावर झाला. ट्रेझररसाहेबांनी आपल्या नातवाची प्लास्टिकची फूटपट्टी आणली होती. या फूटपट्टीला शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा सोडलेली असते, हे तिसरीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पहिल्या सहा जणांचा अंगठा शून्यावर ठेवला. मग चहा आला. चहानंतर उरलेल्या दहा जणांचा अंगठा पट्टीच्या काठावर ठेवला. बी विंगचा मुलगा आठवा. पावणेनऊ इंच! सेक्रेटरींनी वहीत लिहिलं, खाली लाल रेघ मारली, आणि संध्याकाळपर्यंत चारही विंगांत 'हात छोटा आहे हो' सुरू झालं. मी पट्टीचा घोळ लक्षात आणून दिला, तर उत्तर आलं, 'नियम सगळ्यांना सारखाच होता.' एका पोराने करंगळीचं नख वाढवलं होतं, त्याची वीत मात्र नखासकट धरली. चौथ्या मजल्यावर एक माउली रोज रात्री मुलाच्या तळव्याला तिळाचं तेल चोळते आहे, असंही कानावर आलंय.

तेव्हापासून लिफ्टमध्ये दुसरा विषय नाही. याला सातव्यावर ठेवायचा की नवव्यावर? त्याचा 'फ्लोअर' चांगला आहे, पण 'सीलिंग' कमी आहे, असं सी विंगचे तज्ज्ञ म्हणतात. आमच्याकडे सीलिंग म्हणजे वरच्यांचं बाथरूम गळतं ते, त्यामुळे मी मान डोलावतो. डी विंगच्या मालकांची मागणी वेगळीच. तिकडे शेवटच्या नंबरच्या संघाला पहिली निवड मिळते, तसंच इथेही करा. गेल्या वर्षी डी विंगने शेवटच्या सामन्यात चार रनआउट का दिले, याचा मला आत्ता उलगडा झाला.

आणि पोरगा? एस.वाय.ला आहे. सकाळच्या फास्ट लोकलला मुलुंड ते घाटकोपर तो याच पावणेनऊ इंचांनी दाराचा दांडा धरून उभा असतो, पाठीवर दोघांचा भार, खांद्याला बॅग. या पकडीची नोंद कोणाच्या वहीत आहे? त्याची आई सेक्रेटरींना एवढंच म्हणाली, 'साहेब, सुटला नाही ना तो अजून?'

माझं डोकं फिरलं ते मात्र दुसऱ्याच कारणाने. पंपरूमच्या ज्या भिंतीशी ही पोरं धावून आली, तिथे पत्र्याचा बोर्ड आहे: 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे. आज्ञेवरून.' आज्ञा कोणाची? सेक्रेटरी आणि ट्रेझरर यांची, म्हणजे लिलाव समितीचीच! ही सोळाच्या सोळा पोरं दहा वर्षांची होती तेव्हा याच लोकांनी त्यांचे बॉल जप्त केले. एकाचा तर अजून ऑफिसच्या कपाटात पावतीबुकांमागे पडलाय, मी डोळ्यांनी पाहिलाय. आमची जुनी इमारत तीन मजली होती, मागे मातीचं अंगण होतं, तळमजल्याच्या काकूंच्या गॅलरीत बॉल गेला की आउट आणि बॉलही गेला, असा साधा कायदा होता. रिडेव्हलपमेंटच्या रंगीत पुस्तिकेत त्या जागी हिरवळ होती, हिरवळीवर पतंग उडवणारं एक गोरं पोर होतं. आम्ही सह्या केल्या. मीही केली, नाकारत नाही. आता तिथे प्लास्टिकच्या गवताची एक सतरंजी, तिच्यावर एक घसरगुंडी आणि बाकी सगळी गाड्यांची रांग. खेळायला जागा ठेवायची नाही, खेळणाऱ्याला हाकलायचं, आणि तो वीस वर्षांचा झाला की त्याला टेबलाशी उभा करून त्याचा पंजा लहान म्हणायचं! बैलबाजारात निदान बैलाला आधी चारा घातलेला असतो.

रात्री साडेअकराला मी खाली उतरलो. माझी वीत शून्यापासून मोजून बरोबर नऊ इंच आहे. क्रिकेटची पिच बावीस यार्ड, म्हणजे 66 फूट, म्हणजे 792 इंच, म्हणजे 88 विती. घरी कागदावर तीनदा ताडून पाहिलं होतं. पंपरूमच्या भिंतीपासून सुरुवात केली, गुडघे टेकून, एकेक वीत टाकत. वीस. बत्तीस. एका ठिकाणी ऑइल सांडलेलं होतं, तिथे लुंगी खराब झाली. पन्नास. एकसष्टाव्या वितीला करंगळी रबरावर टेकली. वर पाहिलं तर सेक्रेटरींच्या नव्या गाडीचं मागचं चाक. सत्तावीस विती त्या गाडीच्या आणि पुढच्या गाडीच्या पोटाखाली गेल्या होत्या.

वॉचमन बॅटरी घेऊन आला. 'काय पडलं का, काका?' म्हणत तोही वाकून शोधायला लागला.

सकाळी नोटीस बोर्डावर नवा कागद होता: 'काही सभासद रात्री उशिरा पार्किंगमध्ये रांगताना आढळले आहेत. यापुढे असे आढळल्यास दोनशे रुपये दंड. आज्ञेवरून.'